पेढ्याच्या डबीतला मेणाचा ठोकळा

शहरातल्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी पेढ्याची डबी उघडली. आत मेणाचा इवलासा ठोकळा होता. त्यात त्यांच्या नवऱ्याच्या यकृतातल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी जपलेला.

"कॅन्सर कुठल्या अवयवातून आला, ते यातल्या प्रथिनांवरून कळतं म्हणे. तोवर औषध नाही."

"जिल्ह्याला होत नाही ही तपासणी?"

"तिथं यंत्राच्या उद्घाटनाची फीत कापली, बाळा. खोलीचं कुलूप तसंच आहे."

बिघडलेली पेशीसुद्धा आपलं मूळ सांगायला तयार असते. तिला विचारायची सोय मात्र आपण सहा तासांच्या एसटीपलीकडे ठेवली आहे!

बाकावर ऊन आलं. मावशी सरकल्या, डबी पदराखाली घेतली.

"मेण वितळलं तर नवा तुकडा काढायला ह्यांच्या पोटात पुन्हा सुई घालतील. त्यांना आता सोसायचं नाही."