विरंगुळा केंद्रातून गेलेले आबा

“बागेत गेलं असंल म्हातारं, दुसरं कुठं जातंय!”

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या एका वृद्धाने शेजाऱ्याच्या कानाशी लागून हे म्हटलं. मी बाटली भरून घ्यायला बाहेर आले होते. माझी चाहूल लागताच दोघेही समोरच्या वाहतूक नियमांच्या फलकाकडे बघू लागले. मी आता पोलीस सेवेत नाही. उपनिरीक्षक असताना हाताळलेली बरीचशी प्रकरणं आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे वाक्य मात्र त्या आवाजासकट लक्षात राहिलं आहे.

बोलणारा वृद्ध हा बेपत्ता माणसाचा कॅरममधला जोडीदार होता. बेपत्ता माणसाला सगळे ‘आबा’ म्हणत. वय सत्तरीच्या पुढे. नाशिकच्या एका उपनगरात मुलाकडे राहायचे. घराजवळ महापालिकेचं उद्यान होतं, त्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र. कॅरम, पत्ते, वर्तमानपत्रं, सकाळी योगासनं. त्या वर्षी उद्यानाच्या विस्तारासाठी निधी मंजूर झाला होता. मागचा मोकळा भूखंड आत घेऊन काम चालू होतं. निधीवरून वस्तीत दोन तट पडले होते. “रस्त्यात खड्डे आणि इथं म्हाताऱ्यांना कॅरम!” असं म्हणणारे बरेच होते.

आबा रोज नाश्ता करून केंद्रात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आदल्या दिवशी ते परतलेच नाहीत. मुलगा घाबरून ठाण्यात आला. ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल करून घेतली आणि तपास माझ्याकडे आला. मुलाने वडिलांच्या मोबाइलवर लोकेशन दिसण्याची सोय करून ठेवली होती. लोकेशन दिवसभर उद्यानातलंच होतं. आम्ही तिथे जाऊन फोन लावला, तर रिंग वाजली ती केंद्राच्या कपाटातून. कॅरम पावडरच्या डब्यामागे फोन ठेवलेला होता.

कपाटाची किल्ली केंद्र सांभाळणाऱ्या ताईंकडे असायची. त्या मानधनावर काम करत होत्या. फोन दिसताच मुलाचा आवाज चढला.

“बाई, माझ्या बापाचं काय केलंस?”

“अहो, आबा रोजच देतात फोन ठेवायला. खेळताना खिशात टोचतो म्हणतात.”

“मग ते कुठंयत?”

“मला काय माहीत? कधी आत असतात, कधी बाहेर बाकावर. मी हजेरी घेत नाय कुणाची. शाळा नाय ही.”

हे खरं होतं, पण त्या वेळी कोणालाच पटलं नाही. विस्ताराच्या कामात कारंज्यासाठी मोठा खड्डा खणला होता. पाइप फुटून तो पाण्याने भरला होता. कठडा नव्हता. तिथे जमलेल्या प्रत्येकाची नजर हळूहळू त्या खड्ड्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या वृद्धांना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं होतं. तेव्हाच ते वाक्य माझ्या कानावर पडलं. बाग म्हणजे उद्यान, म्हणजे आबा अजून तिथेच आहेत, असा मी सरळ अर्थ लावला. फोनही तिथेच सापडला होता. मी खड्डा उपसण्यासाठी अग्निशमन दलाचा पंप मागवला.

पंप चालू होता तेव्हा मी केंद्राच्या खोलीत ताईंचा जबाब लिहून घेत होते. बाहेर मुलगा आणि त्याचे शेजारी थांबले होते. ताईंवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करा आणि केंद्राला टाळं लावा, ही त्यांची मागणी. पंपाचा आवाज बदलला की ताई डोळे मिटून घ्यायच्या.

“माझी नोकरी गेली तर जाऊ दे, मॅडम. पण त्या पाण्यात आबा नकोत.”

जबाब लिहून झाला की साक्षीदाराला तो वाचून दाखवावा लागतो. पुष्कळदा हे उरकलं जातं. मला मात्र वाचून दाखवायची सवय लावून घ्यावी लागली होती, कारण माझं शिक्षण देवळाली कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत झालं आणि मराठी मी स्पर्धा परीक्षेसाठी पुस्तकांतून पक्कं केलेलं. लिहिलेलं मोठ्याने वाचल्याशिवाय मला खात्री वाटत नसे.

“‘आबा नेहमीप्रमाणे सकाळी बागेत आले,’” मी वाचलं.

“बागेत नाय, मॅडम. गार्डनमध्ये लिहा.”

“तेच ना?”

“तेच कसं? बाग म्हंजे द्राक्षाची. इथं कुठंय बाग? ह्याला सगळे गार्डनच म्हणतात.”

दारात उभे असलेले आमचे हवालदार हसले. ते मूळचे येवल्याकडचे. “मॅडम पुस्तकातलं मराठी लिहितात, ताई. आपलं समजून घ्यायचं.”

मी पेन खाली ठेवलं. तो जोडीदार जन्मभर नाशिक जिल्ह्यात राहिलेला माणूस. उद्यानाला त्याने बाग म्हणणं शक्यच नव्हतं. मी हवालदारांना बाहेरच्या गर्दीतून त्याला आत आणायला सांगितलं. ताईंना बाहेर पायरीवर बसवलं.

जोडीदार आला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला.

“सकाळी तुम्ही कोणाच्या बागेबद्दल बोलत होता?” मी विचारलं.

“मी? मी काय बोललोच नाय.”

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. चौकशीत आरडाओरडा करणं मला कधीच जमलं नाही. सहकारी त्यावरून चिडवायचेही. पण समोरचा काहीतरी दाबून ठेवत असेल, तर गप्प बसून त्याच्याकडे बघत राहणं पुरेसं होतं, हे मला अनुभवाने कळलं होतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. यंदा ऊन लवकर तापलं म्हणाला. चहा मिळेल का, असं विचारलं. मी मान डोलावली. चहा आला, तो संपला. मी तशीच बसून राहिले.

“असं बघू नका ना, मॅडम. ओरडा तरी!”

हवालदारांनी तोंड फिरवलं. ते हसत होते, हे मला खांद्यांवरून कळलं.

“लेकीच्या बागेत गेलाय तो,” जोडीदार शेवटी म्हणाला. “दिंडोरीकडं. दर आठवड्याला जातो. फोन इथं ठेवायचा, एसटी पकडायची, दिवस मावळायच्या आत परत. काल म्हणाला, काढणी हाय, राहीन तिथंच, पोराला कायतरी सांग. मी काय सांगणार? तोवर तुमची गाडीच आली. मंग भ्यालो.”

“मुलापासून लपवायचं कशासाठी?”

“लेकीनं हक्कसोडावर सही नाय केली ना. अर्धी बाग तिनं ठेवली. तवापासनं भाऊ तिचं नाव घेऊ देत नाय घरात.”

वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क बहिणीने भावासाठी सोडून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. तक्रार देताना मुलाने नातेवाइकांची नावं सांगितली होती, त्यांत बहिणीचं नाव नव्हतं. मीही खोदून विचारलं नव्हतं.

पाणी अजून पुरतं उपसलं गेलं नव्हतं. खात्री व्हायच्या आधी बाहेर कोणाला काही न सांगता हवालदार आणि मी जीप काढली.

आबा आम्हाला वेलींच्या मांडवाखाली सापडले. उलट्या क्रेटवर बसून छोट्या कात्रीने घडांतले खराब मणी काढत होते. खाकी बघताच ते धडपडत उठले.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही, आबा,” हवालदार म्हणाले. “तिकडं पंप लावलाय, खड्ड्यात शोधताहेत तुम्हाला.”

ते असे हसू लागले की त्यांना पुन्हा खाली बसावं लागलं. त्यांची लेक मात्र हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला होता. मजूर शिमग्याला पेठकडे गावी गेले ते उशिरा परतले, म्हणून काढणी लांबली आणि वडिलांना राहावं लागलं, हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी शेजारचा एक क्रेट उलटा करून त्यावर बसले. सकाळपासून मी त्या पाण्याचाच विचार करत होते.

मी आबांचा जबाब घेतला: स्वखुशीने आलो, कोणाविरुद्ध तक्रार नाही. सही करून झाल्यावरही त्यांनी पेन परत दिलं नाही.

“त्याला वाटेल, मी हिची बाजू घेतली. मी कुणाचीच घेतली नाय. मी निस्ता येतो, बसतो, जातो. माझ्यानं त्याला सांगवत नाय. तुम्ही सांगा, तुमचं ऐकंल.”

पुढे त्या उद्यानाचा विस्तार पूर्ण झाला. केंद्राला आणखी एक खोली मिळाली, खड्ड्याभोवती कठडा आला. येणाऱ्या-जाणाऱ्या वृद्धांची नोंद ठेवावी, असाही एक प्रस्ताव मध्यंतरी आला होता. मत विचारलं गेलं तेव्हा मी विरोध केला. सुरक्षेच्या दृष्टीने ते पोलिसाला न शोभणारं मत होतं. पण या तपासात मला एक गोष्ट कळली होती. घरात प्रत्येक पावलाचा हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाला दिवसातून काही तास कोणी ‘कुठे होतात’ असं न विचारणारी जागा हवी असते. सरकारी पैशातून बाकं आणि कॅरम येतात, हे दिसतं. ही मोकळीक कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

त्या दुपारी मात्र यातलं काही मनात नव्हतं. आम्ही परतलो तेव्हा पंप बंद झाला होता. खड्ड्याच्या तळाशी मुलांचे चेंडू आणि एक तुटकी चप्पल, बाकी गाळ. तरी गर्दी हटली नव्हती. कोणीतरी कुलूप आणलं होतं. ताई पायरीवरच बसून होत्या. मुलगा आमच्या दिशेने धावत आला. त्याचे डोळे सुजले होते. शर्ट कालचाच होता.

“सापडले का? जिवंत आहेत का? बोला ना, मॅडम!”

लोक भोवती जमले. सवयीप्रमाणे हवालदार माझ्या वतीने बोलायला पुढे झाले. मी त्यांना हाताने थांबवलं आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “आबा तुमच्या बहिणीच्या बागेत आहेत. खुशाल आहेत. आजवर तुम्हाला चोरून जात होते, यापुढे सांगून जातील.”