ठिपक्याशिवाय पेपर

तिसरीच्या वर्गात मागच्या कोपऱ्यात एक बुटकं बाक आहे. तिथे बसणाऱ्या मदतनीस बाईंना मुलं ‘ठिपकेबाई’ म्हणतात. वय चोपन्न. शाळेत येण्याआधी एकवीस वर्षं त्यांनी शिंप्याच्या दुकानात कापड बेतलं. कात्री लावण्याआधी खडूची खूण करायची, ही सवय त्या इथेही घेऊन आल्या. लिहिण्यात किंवा गणितात मागे पडलेलं मूल शेजारी बसलं की जिथून सुरुवात करायची तिथे त्या पेन्सिलीने ठिपका देतात. वजाबाकीत एककाच्या घरावर, निबंधात समासाला लागून. मूल लिहू लागतं.

‘मुंगी’ दुसरीपासून दोन वर्षं त्यांच्याकडे होती. अक्षर मुंगीएवढं, म्हणून हे नाव. आली तेव्हा वह्या कोऱ्या द्यायची. ठिपका मिळू लागला तशी पान भरू लागली. वार्षिक परीक्षेत तीसपैकी पंधरा मिळाले तर चौथी, नाहीतर पुन्हा तिसरी. आणि धाकटा भाऊ यंदा दुसरीतून तिसरीत येणार होता. पेपरच्या सकाळी फाटकापाशी तो म्हणाला, “ताई, तू काळजी करू नकोस. माझ्या शेजारची जागा धरून ठेवतो.” वडिलांनी त्याला टपली मारली, पण हसू त्यांनाही आवरलं नाही. मुंगी हसली नाही.

पेपर चाळीस मिनिटांचा. बाईंनी फक्त कागद वाटायचे, पेन्सिली टोकायच्या, तोंड उघडायचं नाही. दहा मिनिटं झाली. मुंगीची पेन्सिल कागदापासून बोटभर वर, तशीच. घाबरली असेल, असं बाईंना वाटलं. विसाव्या मिनिटाला तिने मागे वळून पाहिलं.

“बाई, ठिपका राहिला.”

वर्ग खो खो हसला. बाईंच्या आत्ता लक्षात आलं: दोन वर्षांत त्यांनी तिला एकदाही ठिपक्याशिवाय बसवलं नव्हतं. पेन्सिल हातात होती, अंतर चार पावलांचं. त्या एक पाऊल पुढे आल्याही.

“मावशी, जागेवर थांबा.” वर्गशिक्षक म्हणाले. ते बाईंच्या मुलाच्या वयाचे.

“सर, चूक तिची नाही. माझी आहे.”

“ते नंतर बघू. वेळ चालू आहे.”

बाई थांबल्या. सोळा मिनिटं उरली असताना मुंगीने पहिली वजाबाकी सुरू केली, तीही उलट्या बाजूने. खोडली. पुन्हा मांडली. घंटा वाजली तेव्हा निबंधाच्या तीनच ओळी झाल्या होत्या.

चौदा गुण.

“एक मार्क कुठूनही काढता येईल,” शिक्षक दुपारी म्हणाले. “कोण बघतंय?”

“नका काढू. चौथीत तिला ठिपका कोण देणार? पुन्हा परीक्षेला बसवा. आणि त्या वेळी मला वर्गात ठेवू नका.”

मुख्याध्यापिकांनी कपाळाला आठ्या घालत आठ दिवस दिले. “या वेळी राहिली तर माझ्याकडे यायचं नाही, सांगून ठेवते.”

बाई पेन्सिल घरी ठेवून येऊ लागल्या. पहिले तीन दिवस मुंगी कोऱ्या पानापुढे रडली. बाई हात मांडीखाली दाबून बसल्या. चौथ्या दिवशी ती चिडली. “तुम्ही काहीच करत नाही. पगार कसला घेता?”

“बसण्याचा.”

रागाच्या भरात तिने तीन वजाबाक्या सोडवल्या. दोन बरोबर निघाल्या.

फेरपरीक्षेला बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. बंद दारामागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. शिक्षकांनी तिथेच उभ्या उभ्या कागद तपासला.

“सतरा.”

“सुरुवात कधी केली?”

“लगेच. पहिलंच गणित चुकली, मग सावरली.”

बाईंनी मान हलवली आणि दुसरीच्या वर्गाकडे निघाल्या. तिथल्या पाच मुलांचेही ठिपके त्यांनी बंद केले होते. त्यांचा पेपर सोमवारी होता, आणि पाचांतली दोघं अजून कोरं पान परत देत होती.