आई पाठीवर आहे

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातली आमची बालवाडी एका घराच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, मागे सिमेंटचं अंगण आणि चौदा मुलं. मुलांच्या घरी कन्नड, तेलुगू, हिंदी, मराठी असं काहीही बोलतात आणि शाळेत सगळ्याची खिचडी होते. मी निपाणीकडची, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही मला सारख्याच जवळच्या. विज्ञान मात्र कधीच जवळचं नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी मुलांसाठी अंतराळाचा आठवडा करायचं ठरलं, तेव्हा मी सोपा रस्ता धरला. भिंतीवर ग्रहांचा तक्ता लावला आणि नावं पाठ करून घेतली. दोन दिवसांत मुलं मर्क्युरीपासून नेपच्यूनपर्यंत घडाघडा म्हणायला लागली.

एक मुलगी मात्र तोंड उघडायची नाही. पाच वर्षांची, नागपूरहून आलेल्या घरातली. तिची आई कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत गेली होती. घरी ती आणि बाबा, दोघंच. तिसऱ्या दिवशी तिला सोडायला आलेले बाबा फाटकापाशीच घुटमळले. म्हणाले, मॅडम, आठ-दहा दिवस झाले, ही आईशी फोनवर बोलतच नाही. स्क्रीनवर आई दिसली की उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिकडे ती रडते आणि इकडे ही काही सांगत नाही. तुम्ही विचारून बघाल का?

डब्याच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी जाऊन बसले. पराठा संपत आला तेव्हा विचारलं, आईवर रागावलीस का?

"आई खोटं बोलते," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज सकाळी शाळेची तयारी चालू असताना आईचा फोन यायचा. थोडं बोलणं झालं की आई म्हणायची, आता खूप रात्र झाली गं, मला झोपू दे. आणि हिच्या खिडकीत तर लख्ख ऊन. आईला आपल्याशी बोलायचा कंटाळा येतो, म्हणून ती रात्रीचं निमित्त सांगते, असं हिनं मनाशी पक्कं केलं होतं.

मी म्हटलं, अगं, तिकडे तेव्हा खरंच रात्र असते. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीही खोटं बोलणाऱ्यांत जमा झाले. तक्त्यावरच्या आठ ग्रहांचा मला त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता.

दुपारी मुलं गेल्यावर मी ही हकीकत आमच्या अक्कांना सांगितली. अक्का होसकोट्याहून येतात, मुलांचं खाणंपिणं बघतात. मग टेबलावरचा दिवा म्हणजे सूर्य आणि मी पृथ्वी असं धरून मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि स्वतःभोवती फिरून बघितलं. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, मिस, या पृथ्वीवर आपण कुठे आहोत? त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली माझ्या पोटावर चिकटवली आणि म्हणाल्या, हे बेंगळुरू. मग मला वळवून पाठीवर निळी चिकटवली. ती अमेरिका.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिडक्यांवर चादरी टांगल्या. अक्का डोक्यावरून पिवळी ओढणी घेऊन, हातात दिवा धरून स्टुलावर बसल्या आणि सूर्य झाल्या; मुलं टिकल्या लावून आळीपाळीनं पृथ्वी. पहिली पृथ्वी इतक्या जोरात गरगरली की धडपडून सूर्याच्या मांडीवर पडली. दुसऱ्या पृथ्वीला सूर्यच व्हायचं होतं. अक्कांनी बजावलं की असा दंगा चालला तर सूर्य स्वयंपाकघरात दूध तापवायला निघून जाईल. मग मुलं शांत झाली. मी त्यांना सावकाश, डाव्या बाजूला वळायला शिकवलं. पृथ्वी डावीकडे वळते, हे मलाही आदल्या दिवशीच शोधून कळलं होतं.

तिची पाळी आली. पोटावरच्या लाल टिकलीवर उजेड पडला. बेंगळुरूत काय, मी विचारलं. दिवस, मुलं म्हणाली. पाठीवर काय आहे ते तिला मान वळवून बघायचं होतं, पण दिसेना. तेव्हा एका मैत्रिणीनं मागे जाऊन निळ्या टिकलीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, इथे अंधार आहे.

ती हळूहळू वळली. उजेड तिच्या खांद्यावरून सरकत पाठीवर गेला आणि पोटावरची लाल टिकली अंधारात गेली. ती थांबली.

"आता मी झोपायचं?"

"हो."

"आणि आई उठली?"

मी मान डोलावली. ती पुन्हा वळली, पुन्हा थांबली. असे पाच फेरे झाले. बाकीची मुलं चुळबुळ करत होती, पण अक्का दिवा धरून बसून राहिल्या. शेवटी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई माझ्या पाठीवर आहे. म्हणून दिसत नाही."

मी तिला जवळ घेतलं.

दोन दिवसांनी बाबा सांगत होते, हिनं स्वतःहून फोन मागितला. आईला टिकल्या लावायला लावल्या आणि तिला तिकडच्या स्वयंपाकघरात गोल गोल फिरवलं. दोघी खूप हसल्या. मग हीच म्हणाली, आता झोप, तुझ्याकडे रात्र आहे.

तक्ता मी काढून ठेवला. मुलांचे प्रश्न मात्र वाढतच गेले. पृथ्वी फिरते तर आपल्याला चक्कर का येत नाही, असं एकानं विचारलं. मला माहीत नाही, आपण मिळून शोधू या, असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच वर्गात म्हणाले. म्हणताना जरा लाज वाटली. मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही.

चार महिन्यांनी आई परत आली. दुसऱ्याच दिवशी लेकीची शाळा बघायला आली आणि सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या बुटक्या खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. लेकीनं वर्गभर फिरून प्रत्येकाच्या कानात सांगितलं की हळू बोला, हिची अजून तिकडचीच रात्र चालू आहे. चौदा मुलांनी पाऊण तास कुजबुजत चित्रं रंगवली. अक्कांनी दाराचा पडदा ओढून घेतला.