विहिणीबरोबर बंदूकखरेदी

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. उन्हाळ्यात विहीणबाई आमच्याकडे मिशिगनमधल्या ट्रॉयला जेवायला आली होती. मटणाचा तांबडा रस्सा ओरपता ओरपता तिनं विचारलं, "नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला येशील माझ्याबरोबर?" माझ्या तोंडात नळी होती. ती बाहेर काढायच्या आत मी "येईन की!" म्हणून मोकळी झाले.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. अमेरिकन, ताडमाड उंच, मिशिगनच्या पार उत्तरेला वाढलेली. खरं तर ती वरमाय, मी मुलीकडची. आमच्या साताऱ्यात मी तिच्यासमोर 'अहो-जाहो' करत पदर सावरत उभी राहिले असते. पण लग्नाच्या दिवशी हिनंच माझी बॅग उचलली, मला मिठी मारली आणि मानपानाचा विषय तिथेच संपला. मी तिला विहीणबाई म्हणते आणि ती ओ देते. बोलणं आमचं सगळं इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगते आहे.

ती आणि तिचा नवरा दर वर्षी त्यांच्या जंगलातल्या केबिनवर शिकारीला जायचे. दोन वर्षांपूर्वी व्याही गेले. तेव्हापासून ती तिकडे फिरकली नव्हती. त्या दिवशी भांडी आवरताना लेकीनं मला कोपऱ्यात गाठलं. "आई, यू कान्ट बॅक आउट. तू नाही गेलीस ना, तर ती परत कधीच जाणार नाही. केबिन विकायचं म्हणतेय ती."

झालं! आता माघार कुठली? माझा नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे धोक्याचा विचार आधी. तो म्हणाला, "तुझ्या हातात लाटणं असतं तेव्हासुद्धा मी दोन हात लांब उभा राहतो. आता बंदूक?" मी म्हटलं, "तुम्ही आता चार हात लांब राहा." शिकाऱ्यांच्या सुरक्षिततेचा क्लास असतो, तो केला. वर्गात सगळी कोवळी पोरं आणि मी एकटी काकू. पण परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले, हां.

मग विहीणबाईनं कपाटातून तिच्या नवऱ्याची बंदूक काढली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. "ही तू वापर," म्हणाली. "पडून राहण्यापेक्षा बरं." बोलताना तिचा अंगठा त्या लाकडावरून फिरत होता. एवढा मान मला कुणी दिला नव्हता, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

नेमबाजीच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, गेलो आणि माझी फजिती सुरू झाली. मी नेम धरायची, चाप ओढायची, कानठळ्या बसायच्या आणि समोरचा कागद कोरा करकरीत! खांदा सुजला, मान अवघडली, पण कागदाला भोक म्हणून पडलं नाही. वारा आहे म्हटलं, चष्मा बदलायला झालाय म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

शेवटी परतताना गाडीत मी म्हणाले, "मी केबिनवर येते. तुला रोज गरम भाकरी आणि रस्सा करून घालते. बंदूक तू चालव."

ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मला स्वयंपाकीण नकोय. पहाटे झाडाखाली शेजारी बंदूक घेऊन बसणारी कुणीतरी हवीय. एकटीनं बसायचं असतं तर मागच्या वर्षीच गेले असते." थोड्या वेळानं म्हणाली, "त्याची बंदूक तुला लांब पडते. उद्या आपण नवीन घेऊ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंदूक लांब नव्हती, मीच बिनकामाची होते आणि माझ्यापायी हिची केबिन जाणार होती.

तरी खरेदी म्हटल्यावर मला जरा हुरूप आलाच. दुकानात भिंतभर बंदुका उभ्या. काउंटरवर दाढीवाला एक सेल्समन. मी साडीच्या दुकानात बसल्यासारखी सुरू झाले. "ही दाखवा. नको, काळी नको, प्लॅस्टिकची वाटते. ह्यात अजून काय आहे? वजनाला हलकी, पण धक्का कमी देणारी. ती वरची काढा." विहीणबाई हसून हसून काउंटरवर टेकली. म्हणाली, "लग्नाच्या साड्या घेताना तू अशीच करत होतीस." मी म्हटलं, "आणि एक तरी साडी वाईट निघाली का?"

एक आखूड होती, एक अगदी बेताची, एक तर दिसायला इतकी देखणी की घरी दिवाणखान्यात लावावी. मी एकेक खांद्याला लावायची, भिंतीवरच्या हरणाच्या डोक्याकडे नेम धरायची आणि मान वाकडी करून खाली ठेवायची. एकही जमेना. विहीणबाईचं हसू हळूहळू थांबलं आणि ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"थांब," ती म्हणाली. "ती बंदूक ठेव. दोन्ही तळहात समोर धर आणि मध्ये छोटंसं भोक कर. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून ते भिंतीवरचं घड्याळ बघ. दिसलं? आता डावा डोळा मीट."

मी मीटला. घड्याळ गायब!

"आता उजवा मीट." घड्याळ जागच्या जागी.

"तुझा नेमाचा डोळा डावा आहे," ती म्हणाली. "आणि तू प्रत्येक बंदूक उजव्या खांद्याला लावून डाव्या डोळ्यानं बघायला मान वेळावतेस. तू डावखुरी आहेस का गं?"

"नाही!" मी ओरडलेच. पलीकडे मासे पकडायचे गळ बघणारा माणूस वळून बघायला लागला.

एवढं ओरडायला काय झालं होतं? पण ते उत्तर माझ्या तोंडात लहानपणापासून तयार होतं. मी डाव्या हातानं घास घेतला की आई ताटावरून उठवायची. डाव्या हातानं पाटीवर लिहिलं की आत्या छडी मारायची. शेवटी जेवायला बसताना आई माझा डावा हात परकराच्या नाडीनं पाटाला बांधायची आणि वर म्हणायची, "उद्या तुझी विहीण पंगतीत बघेल, तर काय म्हणेल? आईनं वळण लावलं नाही म्हणेल." विहीण! मी सात वर्षांची, परकरात, आणि मला भीती कुणाची घातली, तर विहिणीची. ते वळण इतकं पक्कं बसलं की लिहिणं, जेवणं, लाटणं, प्रसाद घेणं सगळं उजव्या हातानं, आणि मी डावखुरी होते हे मीसुद्धा विसरून गेले होते.

आणि आता माझी विहीण साक्षात समोर उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, नाडीसकट. हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिनं माझा डावा हात हातात घेतला आणि सेल्समनकडे वळून म्हणाली, "आम्ही मघापासून चुकीच्या भिंतीसमोर उभ्या आहोत. डावखुऱ्यांच्या कुठे आहेत?"

होत्या, अगदी टोकाला, दोनच. गोळी भरायचा दांडा डाव्या बाजूला असलेल्या. मला निवडायला फारसा वाव नव्हता आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. पहिलीच बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि, अगं बाई! मान सरळ, डोळा दुर्बिणीवर आणि हरणाचं नाक असं समोर! कुणीतरी जगात माझ्या डाव्या हातासाठी एवढी मोठी वस्तू मुद्दाम बनवून ठेवली होती. मला रडू आलं. भर दुकानात, बंदूक हातात घेऊन मी मुसमुसत होते आणि तो दाढीवाला बिचारा टिश्यू शोधत होता.

"मग," विहीणबाईनं चाचरत विचारलं, "त्याची बंदूक मी वापरू का?"

"अगं, मला काय विचारतेस? तुझ्याच नवऱ्याची आहे!"

"तुला दिली तर मला सोपं जाईल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण रेंजवर ती तुझ्या हातात बघवत नव्हती." मग आम्ही दोघी रडलो आणि लगेच हसायला लागलो. किंमत फिक्स होती, पण मी म्हणजे मी. दोन नारिंगी टोप्या फुकट मिळवल्या तेव्हाच काउंटर सोडला.

रेंजवर पुन्हा गेलो. तिसऱ्या गोळीला कागदाला भोक पडलं. अगदी मध्ये नाही, कडेला, पण पडलं! विहीणबाईनं अशी आरोळी ठोकली की शेजारचे लोक दचकले. तो कागद आता आमच्या फ्रिजवर आहे. नवरा पाणी प्यायला गेला की त्याच्याकडे बघतो आणि गुमान चार हात लांबून जातो.

दसऱ्याला आमच्याकडे दर वर्षी शस्त्रं म्हणून स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली पुजली जाते. ह्या वर्षी पाटावर दोन रिकाम्या बंदुका होत्या, माझी नवी आणि व्याह्यांची जुनी. विहीणबाई लेकी-जावयाबरोबर आली होती. मी दोन्हींना कुंकू लावलं, झेंडू वाहिला. लेकीनं साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला होता. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. तिला ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं.

"धरून दाखव बघू कशी धरतेस," आई म्हणाली.

मी बंदूक उचलली, नळी वर भिंतीकडे केली आणि दस्ता डाव्या खांद्याला लावला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की कोण बघतंय. मी तशीच थिजले. आई फोनच्या आणखी जवळ सरकली.

"विहीणबाईंनी पाहिलं?" तिनं विचारलं.

"त्यांनीच ओळखलं, आई."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चुकीच्या भिंतीसमोर उभ्या होतो आपण."

आईनं डोळ्याला पदर लावला. मग तिनं विहीणबाईला फोनसमोर बोलवून घेतलं आणि मुलीच्या पाठवणीला बोलतात तशा सुरात म्हणाली, "लेक तुमच्या पदरात घालते. रानात नेताय, सांभाळून न्या. आणि डाव्या हातानं जेवली, तर जेवू द्या."

मला त्याचं इंग्रजी करता येईना. लेकीनं केलं. विहीणबाईनं दोन्ही हात जोडले, तेही अगदी बरोबर.

ताटं वाढली. मी श्रीखंडाचा पहिला घास डाव्या हातानं घेतला. निम्मा नव्या साडीवर सांडला.