रायफलीवरचं कुंकू

बीडला परवान्याच्या जुन्या बंदुका दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. बाजाराला गेलो की मी त्यांच्याकडं टेकतो. ओठांत कायम एखादा स्क्रू असतो, त्यामुळं ते चिडले तरी शब्द तोंडाच्या कोपऱ्यातूनच बाहेर येतात.

आजोबांच्या वेळची बावीस बोरची रायफल त्यांच्याकडं नेली. पुढंमागं ओढायचा तिचा पंप गंजून अडकला होता. बाजारात बैलाचे दात बघावेत तशी त्यांनी ती उलटसुलट पाहिली, आणि पंपाच्या खाचेतलं वाळलेलं कुंकू खरवडून माझ्यापुढं धरलं.

"खंडेनवमीला पूजा करा की. पण लोखंडावर पाणी कावून शिंपडता? कोण करतं हे?"

"आई करायची. औंदा गेली ती."

मिस्त्री मान खाली घालून गंज घासत राहिले.

महिन्यानं रायफल मिळाली. लोखंड काळंभोर झालं होतं, पंप अलगद सरकत होता. दस्त्याच्या लाकडावर मात्र बोटाएवढा कुंकवाचा ठिपका तसाच होता.

"मिस्त्री, हे काढायचं राहिलं का?"

त्यांनी ओठांतला स्क्रू काढून हातात घेतला.

"राहिलं न्हाई. ठिवलंय."