मावशीनं माफ केलं नाही

माझी मावशी घरात तोंडाळ होती. माझ्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, ती एका वाक्यात गप्प करायची. पण समोर वरच्या हुद्द्याचं माणूस आलं की तिचा पहिलाच शब्द घशात अडकायचा, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि ती नुसती मान हलवून सुटका करून घ्यायची.

एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात धुलाई विभाग होता, तिथं ती कामाला होती. एका टोकाला मळके कपडे निवडायची खोली, मध्ये माणसाच्या उंचीची धुण्याची यंत्रं, पलीकडे वाफेचा रोलर. त्यात ओली चादर घातली की दुसऱ्या बाजूनं कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. या सगळ्यावर एक सुपरवायझर होता. तो कुणाला नावानं हाक मारत नसे, शिट्टी वाजवायचा. बायकांनी त्याचं नावच शिट्टी ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे.

शिट्टीला मावशी म्हणजे आयतं खेळणं. मुद्दाम चारचौघांत तिला काहीतरी विचारायचं, ती अडखळली की म्हणायचं, "धक्का द्या गं कुणीतरी, गाडी बंद पडली!" सगळ्या हसायच्या. मावशीही हसायची. त्या हसण्याची तिला नंतर सगळ्यात जास्त चीड आली.

धुण्याच्या यंत्राच्या दाराला कुलूप असतं. आतलं उकळतं पाणी निघून गेल्याशिवाय ते उघडत नाही. त्यात चार मिनिटं जातात. शिट्टीला ती चार मिनिटं खुपत होती, म्हणून त्यानं मावशीच्या यंत्राचं कुलूप तार बांधून निकामी करून ठेवलं. तार बांधताना मावशीनं त्याला पाहिलं होतं. आपल्याला काय कळतंय, असं स्वतःला सांगून ती गप्प बसली.

एका सकाळी मावशी कपडे आणायला गेली असताना तिच्या जागी तिची मैत्रीण उभी होती. एरवी ती रोलरवर असायची, म्हणून सगळे तिला रोलरवाली म्हणत. तिनं दार ओढलं आणि उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर आलं. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी सोलून निघाली.

दुपारी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. शिट्टी मावशीकडे बोट दाखवून म्हणाला, "यंत्र हिचं. दार हिनंच नीट लावलं नव्हतं."

साहेबांनी विचारलं, "खरं का बाई?"

मावशीनं तोंड उघडलं. "ता... ता..." तार हा शब्द काही बाहेर येईना. तार तोवर काढूनही टाकलेली.

"घाबरलीय बिचारी," शिट्टी मऊ आवाजात म्हणाला. "नोकरी नका घालवू साहेब. मी हिला निवडायला टाकतो."

म्हणजे गुन्हा त्याचा, शिक्षा हिला आणि वर उपकारही त्याचेच.

निवडायच्या खोलीत रक्तानं, पुवानं भरलेले कपडे हातानं वेगळे करायचे. शिट्टीनं तिला हातमोजे दिले ते दोन बोटं फाटलेले. "नवे संपलेत," म्हणाला. संध्याकाळी घरी येऊन तिनं कितीतरी वेळ हात घासले. आई म्हणाली, "झालं ते झालं. विसर आता."

"विसरेन ना. त्याला त्या खोलीत उभा केला की विसरेन," मावशी म्हणाली. एकही अक्षर अडखळलं नाही.

मला मावशीचं नवल वाटतं ते इथून पुढे. लोक म्हणतात, आपल्यात काहीतरी आहे असा विश्वास आधी वाटावा लागतो. मावशीला तसं काही वाटत नव्हतं. तिला शिट्टीला पाणी पाजायचं होतं आणि त्यासाठी तोंड लागणार होतं, एवढंच. ती कपड्यांच्या ढिगांशी बोलायला लागली. हा ढीग साहेब, तो ढीग शिट्टी. शब्द अडकला की घाई करायची नाही, श्वास सोडायचा आणि पुन्हा धरायचा. खोलीतल्या पाच बायका आधी तिला वेडी समजल्या, मग स्वतःच साहेब होऊन तिला उलटसुलट विचारायला लागल्या.

कपड्यांत सुया यायच्या. खोलीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या तळव्यात एक घुसली, तेव्हा शिट्टी म्हणाला, "डोळे उघडे ठेवून काम करा." मावशीनं एक काचेची बरणी आणली. पंधरा दिवस सापडलेली प्रत्येक सुई चिमट्यानं तीत टाकली. मग पाचही जणींना घेऊन ती थेट वर गेली आणि बरणी मोठ्या नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली.

"ए... एकसष्ट," ती म्हणाली. थांबली. श्वास सोडला. "एकसष्ट सुया. पंधरा दिवसांत." एवढं बोलायला तिला मिनिटभर लागलं. नर्सबाई मिनिटभर थांबल्या. महिन्याच्या आत रुग्णांच्या प्रत्येक खोलीत सुयांसाठी वेगळा डबा आला.

तेव्हापासून बायका सुट्टी, कामाची पाळी, भांडणं सगळं मावशीला विचारून करायला लागल्या. "तुला त्यांची काळजी होती ना?" मी एकदा विचारलं. "खोटं कशाला सांगू?" ती म्हणाली. "तेव्हा मी फक्त शिट्टीकडे जाणारी वाट झाडत होते. काळजी नंतर आली."

चार वर्षांनी यंत्रं तपासायला येणाऱ्या मेकॅनिकशी बोलताना तिला कळलं, की अपघाताच्या आधी त्यानं ती तार तीनदा काढली होती आणि तिन्ही वेळा अहवालात तसं लिहिलं होतं. अहवालांवर सही शिट्टीची. मावशीनं प्रती मागून घेतल्या. त्या दिवशी ती घरी आली आणि दोन भाकऱ्या जास्त जेवली.

आता साहेबांच्या जागी नव्या बाई आल्या होत्या. महिन्याच्या सभेत मावशी उभी राहिली.

शिट्टी हसून म्हणाला, "जरा वेळ द्या हं, गाडी चालू व्हायला—"

कुणीच हसलं नाही.

"ता..." मावशी थांबली. सगळे थांबले. "तार. तीनदा काढली. तीनदा तुम्ही पुन्हा बांधली. या तुमच्या सह्या." तिनं कागद एकेक करून टेबलावर मांडले. रोलरवाली उठली आणि काही न बोलता तिनं उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. शिट्टीच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याची सुपरवायझरी गेली, त्याला निवडायच्या खोलीत टाकलं. त्याच्या जागी मावशी आली, कारण साऱ्या विभागात बायका ऐकायच्या ते तिचंच.

पहिल्या सकाळी तिनं त्याला हातमोजे दिले. दोन बोटं फाटलेले. शोधून काढले होते तिनं. "नवे संपलेत," ती म्हणाली, आणि तिला इतकं गोड वाटलं की ते ती अजून लपवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत रोलरवाली आली. "हात माझा भाजला होता," ती म्हणाली. "मला विचारलंस का? उद्या तू माझ्यावर चिडलीस तर मला काय देशील?"

मावशी उठली, कपाटातून नवी जोडी काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढे ठेवली.

पण इथं तिचं मन वितळलं वगैरे समजू नका. रोज सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी शिट्टीनं सगळ्यांसमोर उभं राहून कुलपाचा नियम मोठ्यानं वाचायचा, असं तिनं ठरवून दिलं. आवाज पडला की ती म्हणायची, "ऐकू आलं नाही." महिन्याभरानं रोलरवालीच म्हणाली, आता पुरे. मावशीनं ऐकलं नाही. दोन वर्षं, तो निवृत्त होईपर्यंत, एक दिवस चुकवला नाही. त्या दोन वर्षांत कुणाला साधा चटकाही बसला नाही, हे ती आवर्जून सांगते. पण नियम त्याच्याच तोंडून का, असं विचारलं की दातओठ खात म्हणते, "त्याच्याच तोंडून."

शेवटच्या दिवशी तो तिच्या खोलीत आला. "माझं चुकलं होतं," म्हणाला.

"हो."

"मनात ठेवू नका."

"ठेवणार," मावशी म्हणाली. "आणि माफी मागायचीच असेल तर ती रोलरवर उभी आहे."

त्यानं काचेतून रोलरकडे पाहिलं. मग जिन्यानं वर निघून गेला.

त्याच्या कागदांवर मावशीला शेरा लिहायचा होता. कारकून म्हणाला, "सगळे लिहितात ते लिहा, काम उत्तम, स्वभाव चांगला." निवडायच्या खोलीत त्यानं खरंच नीट काम केलं होतं. मावशीनं 'काम उत्तम' लिहिलं, खाली सही केली आणि कागद परत दिला.