ओपलबाईंचं फाटक आणि ट्राउटचा ट्रक

ओपल टीटर आणि व्हर्जिल स्टेंपल यांची पहिली भेट झाली तेव्हा बाईंच्या एका काखेत वासरू होतं, दुसऱ्या हातात बिजागरीसकट उपटलेलं फाटक होतं, आणि आवाज असा होता की लिक रनचा ओढा क्षणभर उलटा वाहिला. व्हर्जिल ट्रकमधून उतरायच्या बेतात होता. तो पुन्हा आत बसला आणि त्याने काच वर केली. ट्रकच्या टाकीतले मासेदेखील तळाला जाऊन बसले म्हणतात. वासराबद्दल गावात दुमत आहे, काचेबद्दल नाही.

"खात्याचा माणूस ना तू?" बाई गरजल्या.

"मी फक्त ट्रक चालवतो, मिस ओपल."

"ट्रकवर खात्याचा शिक्का आहे. म्हणजे खातं तूच."

पिजन काउंटीत सगळ्यांचंच हे मत होतं. राज्याचं वन्यजीव खातं म्हणजे मोठा पसारा. वर गव्हर्नरने नेमलेलं मंडळ, त्याखाली संचालक, त्याखाली मासे, शिकार, जमीन आणि कायदा असे विभाग, त्यांची जिल्हा कार्यालयं, मग माशांची पिल्लं वाढवणारी हॅचरी, हॅचरीचा व्यवस्थापक, आणि सगळ्यांच्या खाली, पण टायरच्या थोडा वर, व्हर्जिल. मात्र लोकांना दिसायचा तो एकटाच. हरणांनी शेंगा खाल्ल्या, सांगा व्हर्जिलला. अस्वलाने कचऱ्याचा डबा पळवला, तोही व्हर्जिलनेच आणून द्यायचा. चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटावेत, तर मागच्या बाकावरून कुजबुज यायची, "आमच्या मासेमारीच्या लायसन्सवर तुझा पगार होतो बरं का!"

ट्राउट मासे कुठल्या ओढ्यात कधी सोडणार, हे आधी कुणाला सांगायचं नाही असा खात्याचा नियम होता. म्हणून लोक हॅचरीच्या फाटकापासूनच ट्रकच्या मागे लागत. पुढे व्हर्जिल आणि मागे पिकअप गाड्यांची वरात. तो ओढ्यात मासे सोडायचा आणि शेपटी हलायच्या आत पाण्यात गळ पडायचे.

त्याच वरातीने आदल्या वसंतात ओपलबाईंच्या गोठ्याची वाट अडवली होती. दुधाचा टँकर आत येऊ शकला नाही आणि बाईंना सगळं दूध ओतून द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी कुरणाभोवती 'प्रवेश बंद'च्या पाट्या लागल्या. आता जिथे जनतेला प्रवेश नाही, तिथे खातं मासे सोडत नाही. आणि लिक रनचा सपाट काठ तेवढा एकच, बाईंच्या कुरणातला. व्हर्जिलच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेलेले. इतर ओढ्यांचे कडे ती उतरू शकत नव्हती. घडीची खुर्ची टाकून ती मासे धरायची ती इथेच, आणि वसंताची वाट पाहायची तीही एवढ्याचसाठी.

व्हर्जिलने फोन उचलला. जिल्हा कार्यालय म्हणालं, हा प्रश्न जमीन विभागाचा. जमीन विभाग म्हणाला, गाड्यांचं असेल तर शिकारीचे कायदे पाहणाऱ्या वॉर्डनला सांगा. वॉर्डन म्हणाला, "अस्वलाला गोळी घातली तर मी येतो बाबा. रस्त्यातली गाडी म्हणजे शेरीफकडे जा." शेरीफ म्हणाला, मासे खात्याचे, गर्दी खात्याची. शेवटी राजधानीतल्या एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, "तुमच्या भागात जमीनमालकांशी संपर्क ठेवणारा आमचा एक माणूस आहे. थांबा हं, नाव बघते. व्हर्जिल स्टेंपल."

व्हर्जिलने फोन ठेवला. जरा आदळूनच ठेवला.

मग टोपी हातात घेऊन तो ओपलबाईंकडे गेला. बाईंनी त्याला कॉर्नब्रेड दिला, ताक दिलं आणि अटही घातली. "एकदा येऊ देते, निभलं तर पाट्या काढते. पण तू आणि तुझे मासे. मागे एक जरी गाडी दिसली, तर फाटक कायमचं बंद."

व्हर्जिलने बायकोला सांगितलं नाही. मेव्हण्याला, डेन्झिलला, तर अजिबातच नाही. डेन्झिलच्या कानात टाकलेली गोष्ट पेट्रोल पंपावर त्याच्याआधी पोचायची. आईलाही सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी त्याने फक्त तिच्या गळाच्या रिळाला तेल घातलं.

सकाळी तो हॅचरीच्या मागच्या वाटेने निघाला. उलट्या दिशेला गेला, खाणीच्या जुन्या रस्त्याने वळसा घातला. आरशात पाहिलं, तर मागे चिटपाखरू नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो शीळ घालत लिक रनच्या वळणावर आला.

वळणापलीकडे अख्खं गाव उभं होतं. पुलाच्या दोन्ही बाजूंना पिकअप, गोठ्याच्या वाटेत पिकअप, ओपलबाईंच्या टपालपेटीला टेकून पिकअप. आणि पुलाच्या कडेला घडीच्या खुर्चीत, स्वच्छ स्कार्फ बांधून, गळ मांडीवर घेऊन आई.

"मी कुणाशी एक अक्षर बोलले नाही रे," ती म्हणाली. "रिळाला तेल दिसलं, म्हणून सकाळी येऊन बसले."

"आणि मी तिला बसलेली पाहिली!" डेन्झिल खुशीत ओरडला. "म्हटलं, म्हातारी उगाच नाही बसायची. कॉफीसुद्धा अर्धी टाकून सगळ्यांना घेऊन आलो. आभार नंतर मान, व्हर्ज, आधी टाकी उघड!"

व्हर्जिलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला. लोकांना ती सलामी वाटली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ओपलबाई फाटकाशी आल्या. या खेपेला वासरू नव्हतं, आवाजही नव्हता.

"मिस ओपल," व्हर्जिल घाईने म्हणाला, "माझ्या मागे एकही गाडी आलेली नाही. देवाशपथ. हे सगळे पुढे होते."

बाईंनी पुलाकडे पाहिलं. खुर्चीतल्या म्हातारीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग दूर हॉर्न देत थांबलेल्या दुधाच्या टँकरकडे पाहिलं.

"खातं आहेस खरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कडी लावली.

"तुझ्यामुळे झालं हे!" व्हर्जिल डेन्झिलवर ओरडला.

"माझ्यामुळे? तेल मी घातलं का?"

लिक रन खात्याच्या मासे सोडायच्या यादीतून गेला. व्हर्जिल आता त्या पुलावरून भरलेली टाकी घेऊन पुढच्या ओढ्याला जातो. त्याची आई शुक्रवारी दुकानातून गोठवलेला मासा आणते.